अब्राहम म्हणजे ब्रह्मा? पुरे आता!

खारीबटर:
काल इथेच कोणीतरी टाकलं, अब्राहम म्हणजे आपला ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती, झालं, बायबल पण आपलंच. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. अहो, त्या माणसाचं मूळ नाव अब्राहम नव्हतंच! बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायापर्यंत तो अब्राम आहे आणि बायको साराय. अव म्हणजे बाप, राम म्हणजे उंच, थोर. साधं हिब्रू. मग देव म्हणतो तू पुष्कळ राष्ट्रांचा बाप होशील, तेव्हा नाव बदलतं. ज्या 'ह'च्या जीवावर तुमचा ब्रह्मा उभा आहे तो मागाहून घुसलाय. सारा म्हणजे राजकन्या, सरदारीण. सरस्वती कुठून आणली?

दंडकारण्य:
अब्राममध्ये राम आहे हे तुम्हीच कबूल केलंत, आभारी आहे 🙏 आणि हे व्हॉट्सॲपवरचं नाही, अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेअरनेही अब्राहमचं नातं हिंदुस्थानाशी जोडलं होतं. तो काय आमच्या ग्रुपमध्ये होता?

खारीबटर:
व्होल्तेअरला चर्चची खोड काढायची होती. पॅलेस्टाईनमधल्या रामल्ला शहराच्या नावातही तोच राम आहे, उंचवटा. जा, तिथेही देऊळ शोधा.

तिसरा डोळा:
खारीबटर, उच्चारसाम्यावर एवढे उखडताय तर बायबल तरी वेगळं काय करतं? फारोची मुलगी म्हणते, याला पाण्यातून बाहेर काढलं (हिब्रूत 'माशा') म्हणून मोशे. मिसरच्या राजकन्येला हिब्रू कोणी शिकवलं? मिसरी भाषेत मोसे म्हणजे जन्मलेला, थुतमोसे, अहमोसे ही राजांची नावं बघा की. आणि शमुवेल? त्याची आई हन्ना म्हणते परमेश्वराकडे मागून घेतला म्हणून शमुवेल. पण मागणं म्हणजे शाअल, त्यातून शौल राजाचं नाव निघतं, शमुवेल नाही! ती गोष्ट मुळात शौलाची असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेत. बायबलमधली एस्तेर-मर्दखय ही नावं तर सरळ बाबेलच्या इश्तार-मर्दुक या देवतांवरून आलेली वाटतात. 'साधं हिब्रू' जरा जपून.

खारीबटर:
बरं, शमुवेल घ्या तुम्हाला. पण मोशेत 'श' आहे आणि त्याच मिसरी शब्दावरून आलेल्या रामसेस शहराचं नाव हिब्रूत 'स'ने लिहितात. एकाच मिसरी शब्दाचे दोन आवाज कसे? द्या उत्तर.

तिसरा डोळा:
वेगवेगळ्या काळात उसनं घेतलं असेल. तुम्हाला नुसतं भांडायचंय.

अलिबागवाली:
शमुवेल निघालाच आहे तर, मुंबईत मांडवीचं १७९६ सालचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल यहेज्केल! टिपूच्या कैदेतून सुटले म्हणून बांधलं असं सांगतात. आमच्याकडच्या बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू) लोकांची अशीच नावं, आडनाव गावावरून. आजीची एक मैत्रीण होती, तिला कोणी 'तुमचं खरं नाव काय' विचारलं की ती तोंडावर सांगायची, दोन्ही खरी, तुला कशाला पंचाईत?

वसईचा पोर:
खरं नाव हा विषयच काढू नका. आमचा आजा जुजे. शाळेत मास्तरांनी जोसेफ केलं, पेन्शनच्या कागदावर जोसफ आणि सातबाऱ्यावर जुजे तो जुजेच. तीन माणसं धरून वारस नोंद अडकवलीय, बाबांच्या तलाठ्याकडे खेपा चालूच. हिब्रूत योसेफ म्हणजे 'तो आणखी देवो'. देतोय, कागद!

दंडकारण्य:
पोर्तुगीजांच्या आधी आजाच्या आजाचं नाव काय होतं ते पण शोधा की.

वसईचा पोर:
आलात जातीवर! इथे नावांचं मूळ चाललंय, माझ्या घराण्याचं नाही. तुमच्या पणजोबांचं नाव कोणी तपासलं का इथे?

अलिबागवाली:
पोरा, सोड त्यांना. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र कर आणि शाळा सोडल्याचा दाखला जोड. माझ्या मामांचा फेरफार तसाच सुटला.

दंडकारण्य:
घराण्याचं काढलं ते चुकलं असेल. ब्रह्मा पण ठेवा तुमच्याकडे. सरस्वतीचं मात्र मी सोडलेलं नाही.

वसईचा पोर:
@अलिबागवाली दाखल्यावर जोसेफची स्पेलिंग अजून चौथीच आहे, तरी चालेल का?