दुसऱ्या राज्यात भाड्यासाठी पहिलं स्वस्त घर: आकडे कितपत खरे धरायचे?

सॅनहोजेकर
इथे कॅलिफोर्नियात भाड्यावर द्यायला घर घेणं आवाक्यात नाही, म्हणून इंडियानापोलिस, क्लीव्हलंड, मेम्फिस बघतोय. हाताशी ५५,००० डॉलर आहेत. इंडियानापोलिसमधलं एक घर पसंत आहे: तीन बेडरूम, १९४८ सालचं, किंमत १,२०,०००, अपेक्षित भाडं १,२५०. मूळ मालक आत्ताआत्तापर्यंत तिथेच राहत होता. २५ टक्के डाउन पेमेंट, ७ टक्के व्याज, ३० वर्षं. विकणाऱ्याच्या तक्त्यात महिन्याला ४८१ डॉलर सुटताना दिसतात. 'किमतीच्या एक टक्का भाडं' हा नियमही बसतो. खरंच एवढे सुटतील का? शिवाय घर एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर घ्यावं का?

हिशेबनीस
नाही सुटणार. तक्त्यात ९०,००० च्या कर्जाचा हप्ता ५९९, टॅक्स १०० आणि विमा ७० एवढंच धरलेलं दिसतंय. हप्ता बरोबर आहे, बाकीचं बघू.

टॅक्स: इंडियानात मालक स्वतः राहत असेल तर प्रॉपर्टी टॅक्सवर १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे, भाड्याच्या घराला तीच २ टक्के. (मतदारांनी मंजूर केलेले रेफरेंडमचे कर याच्या बाहेर.) मालकाची सवलत गेली की बिल दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. तिथे टॅक्स वर्षभर मागून भरला जातो, त्यामुळे फटका लगेच दिसत नाही. नंतर एस्क्रोमध्ये (टॅक्स-विम्यासाठी बँक हप्त्याबरोबर पैसे जमवते त्या खात्यात) तूट निघते आणि हप्ता एकदम वाढतो. तेव्हा २०० धरा.

विमा: मालक राहत नसलेल्या घराची पॉलिसी वेगळी असते. त्यातली डीपी-३ या प्रकारची घ्या. डीपी-१ स्वस्त पडते, पण त्यात सहसा घसारा वजा करून पैसे मिळतात, म्हणजे जुन्या छताचे जवळपास काहीच नाहीत. ११० धरा.

मॅनेजर (तुमच्या वतीने घर आणि भाडेकरू सांभाळणारा): भाड्याच्या १० टक्के, म्हणजे १२५. नवा भाडेकरू आणून देण्याचे अर्धा ते एक महिन्याचं भाडं वेगळं. घर रिकामं राहण्यापोटी १००. दुरुस्ती आणि मोठ्या बदलांसाठी (छत, घर गरम ठेवणारी फर्नेस, वॉटर हीटर) २००, आणि १९४८ च्या घराला हे कमीच आहे.

हप्त्यासकट बेरीज १,३३४. भाडं १,२५०. म्हणजे दर महिन्याला ८४ डॉलर तुम्हीच खिशातून घालणार.

एक टक्क्याचा नियम स्वस्त घरांत फसतो तो इथेच. फर्नेस बसवणारा घराची किंमत विचारून पैसे घेत नाही. ३,००,००० च्या घराला जेवढे घेईल जवळपास तेवढेच या घरालाही, आणि भाडं मात्र त्याच्यापेक्षा बरंच कमी. ६०-७० हजारांच्या घरात हे आणखी बोचतं. शिवाय तेवढं छोटं कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार होत नाहीत.

तळघरवाला
आकडे जुळले तरी घर बघायचं बाकी आहे. साध्या होम इन्स्पेक्शनमध्ये सीवर लाइन येत नाही, ती वेगळी सांगावी लागते. त्या काळातल्या घरांना मातीचे पाइप असू शकतात. जोडांतून झाडांची मुळं शिरतात. कॅमेरा घालून बघायला काहीशे डॉलर लागतात, लाइन बदलायची तर काही हजार, आणि रस्ता खणावा लागला तर त्याहून कितीतरी जास्त. सांडपाणी मागे येतं ते भाडेकरू आत असतानाच.

इलेक्ट्रिक पॅनलच्या झाकणाचा फोटो मागवा. फेडरल पॅसिफिक कंपनीचा जुना स्टॅब-लोक पॅनल किंवा जुनं नॉब अँड ट्यूब (चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेलं) वायरिंग असेल तर अनेक विमा कंपन्या नकार देतात, म्हणजे कर्जही अडतं. ऑफर देण्याआधीच विम्याचं कोटेशन घेतलेलं बरं.

१९७८ च्या आधीचं घर म्हणजे शिशाच्या रंगाची शक्यता. भाडेकरूला तसं लेखी कळवणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. क्लीव्हलंडमध्ये एवढ्यावर भागत नाही, अशा भाड्याच्या घरांना लेड-सेफ प्रमाणपत्र लागतं.

सॅनहोजेकर
विकणाऱ्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे, तो चालेल? आणि भाड्याचा आकडा कुठून पडताळायचा?

तळघरवाला
वाचायला चालेल, विसंबायला नाही. इन्स्पेक्टर तुमचा, पैसेही तुमचे. विकणाऱ्यानेच मॅनेजर सुचवला तर त्याला भाडं विचारू नका. त्या भागातल्या दोन-तीन वेगळ्या मॅनेजरांना फक्त पत्ता द्या आणि विचारा, 'तीस दिवसांत कितीला जाईल?' १,२५० हा आकडा आधी सांगितलात तर उत्तरही १,२५० च येईल. करारात तुम्हाला न विचारता ते किती डॉलरपर्यंत दुरुस्ती करू शकतात आणि कारागिराच्या बिलावर किती टक्के चढवतात, हे दोन आकडे शोधा. कमिशन ८ की १० टक्के यापेक्षा खरा फरक तिथे पडतो.

कलमकसाई
एलएलसीबद्दल. नेहमीचं कन्व्हेन्शनल कर्ज व्यक्तीच्या नावावर मिळतं, एलएलसीला नाही. एलएलसीला डीएससीआर कर्ज (पगाराऐवजी घराचं भाडं बघून दिलेलं) मिळतं, पण त्यात व्याज जास्त आणि लवकर फेडलं तर बहुतेकदा दंड. शिवाय इंडियानात नोंदवलेली एलएलसी तुम्ही सॅन होजेत बसून चालवलीत तर कॅलिफोर्निया वर्षाला किमान ८०० डॉलर मागतं. म्हणजे महिन्याला ६७, आणि वरच्या हिशेबात तुम्ही आधीच उणे आहात. पहिल्या घराला चांगला विमा आणि वर अंब्रेला पॉलिसी (इतर विम्यांच्या मर्यादेपलीकडची भरपाई देणारी) पुरते असं माझं मत.

इन्कम टॅक्समध्ये इमारतीचा (जमिनीचा नाही) घसारा २७.५ वर्षांत विभागून मिळतो, त्यामुळे कागदावर तोटा दिसतो. पण उत्पन्न १,५०,००० च्या वर असेल तर तो सहसा पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षांत ओढला जातो. 'टॅक्स वाचेल' म्हणून घेत असाल तर आधी हे बघा. इंडियानाचं रिटर्न वेगळं भरावं लागेल. एच-१बी वर असाल तर घर घेता येतं, पण घर चालवण्याची कामं स्वतः करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

हिशेबनीस
घर आवडलंच असेल तर किंमत बोला. टॅक्स किमतीच्या २ टक्के आणि बाकी खर्च वरचेच धरले तर साधारण १,०७,००० ला तुम्ही शून्यावर येता, ९५,००० ला महिन्याला ८० सुटतात. त्याच १,२०,००० ला घेतलंत तर ३०,००० डाउन, ४-५ हजार क्लोजिंग (खरेदी पूर्ण करतानाचे खर्च), सुरुवातीच्या दुरुस्तीला ८ हजार, म्हणजे हातात १२ हजार उरतात. बँकही सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक बघते, इथे ते सुमारे ५,५०० होतात, तेवढं बसेल. क्लोजिंगचे पैसे पाठवताना ईमेलमध्ये आलेल्या खाते क्रमांकावर जाऊ नका. टायटल कंपनीचा (मालकीची कागदपत्रं तपासून व्यवहार पूर्ण करणाऱ्या कंपनीचा) फोन नंबर त्यांच्या वेबसाइटवरून स्वतः काढा, फोन करून क्रमांक पडताळा आणि मगच वायर करा.