हायड्रोजनचा मोठा साठा जमिनीखालीच व्हायला हवा, टाक्यांमध्ये नाही

मीठखाण:
ग्रीन हायड्रोजन (सोलर-पवन विजेनं पाण्यातून काढलेला) म्हटलं की आपल्याकडे सगळी चर्चा तो बनवण्यावर. केंद्राचं मिशन जानेवारी २०२३ मध्ये आलं, १९,७४४ कोटी, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट, छान आहे, पण एवढा माल ठेवायचा कुठे? किलोमागे ३३ युनिट ऊर्जा, डिझेलच्या जवळपास तिप्पट, पण इतका हलका की ७०० बारला (हवेच्या दाबाच्या साधारण ७०० पट) दाबला तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ४० किलो. द्रव करायचा तर उणे २५३ डिग्रीपर्यंत गार करा, त्यातच त्याच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा जातो.

इंग्लंडात टीसाइडला १९७२ पासून मिठाच्या पोकळ्यांमध्ये हायड्रोजन ठेवतात, टेक्सासात १९८३ पासून. बोअर घ्यायचं, पाणी सोडून मीठ विरघळवायचं, खारं पाणी उपसायचं आणि उरलेल्या पोकळीत गॅस भरायचा. दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं आणि बारीक भेगा आपोआप बुजतात, म्हणून गॅस टिकतो. आता अमेरिकेत युटा राज्यात डेल्टा गावाजवळ अशा दोन पोकळ्या तयार केल्यात, दोन्ही मिळून ३०० गिगावॅट अवर, म्हणजे ३० कोटी युनिट, वसंतातली जास्तीची सोलर वीज हायड्रोजन करून उन्हाळ्यासाठी ठेवायची. एवढी बॅटरी कोण बांधणार?

घाटमाथा:
अजिबात पटलं नाही. एक किलो बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, हातात येतात ३३, ते टर्बाइनमध्ये जाळून परत वीज केली की निम्मे राहतात. म्हणजे शंभर घाला आणि तीस-पस्तीस परत घ्या. आपल्याकडे घाटघरचं उदंचन केंद्र २००८ पासून आहे, २५० मेगावॅट, वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं, अशा पद्धतीत शंभराचे पंच्याहत्तर-ऐंशी परत येतात. सह्याद्रीत असे कडे असताना लोकांच्या वीजबिलातून हा तोटा का भरायचा?

आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली बसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे हो, मीठ नाही. मीठ हिमाचलात मंडीकडे, नाहीतर राजस्थानात बिकानेर-नागौरच्या थरांमध्ये.

मीठखाण:
@घाटमाथा घाटघर मलाही आवडतं, पण ते काही तासांचं काम आहे. पूर्ण क्षमतेनं दिवसभर चाललं तरी ६ गिगावॅट अवर. पावसाळ्यात ढग आठवडा आठवडा हटत नाहीत तेव्हा काय करणार? तोटा मान्य आहे, पण जी सोलर वीज बंदच करावी लागते तिचे तीस मिळाले तरी मिळालेच ना. आणि मीठच पाहिजे असंही नाही, स्वीडनमध्ये लुलेओला कठीण खडकात पोकळी खोदून आतून स्टीलचं अस्तर लावलंय, २०२२ मध्ये चाचणी सुरू झाली. आपलं कोयनेचं वीजगृह बसाल्टच्या पोटातच आहे.

घाटमाथा:
लुलेओची पोकळी १०० घनमीटरची आहे. २५० बारला भरली तरी दोन टनांच्या आतच. त्यावर राज्याचं नियोजन करायचं का?

खतवाला:
माझी सगळी नोकरी खत कारखान्यात झाली म्हणून सांगतो, तुम्ही दोघंही विजेवर अडकलायत. हायड्रोजन परत वीज करण्यासाठी नकोच, तो अमोनिया करूनच ठेवा. अमोनिया उणे ३३ डिग्रीला साध्या दाबात द्रव राहतो, वजनाच्या साडेसतरा टक्के हायड्रोजन असतो, आणि दुहेरी भिंतीच्या मोठ्या टाक्या, जहाजं, पाइप, सगळं आधीपासून आहे. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात युरियासाठी अमोनिया कित्येक वर्षं बनतोय, आजही नैसर्गिक वायूपासून. आधी तिथला हायड्रोजन ग्रीन करा, मग पोकळ्या खणा.

उरणकर:
अमोनिया विषारी आहे काका, आमची वस्ती टाकीपासून लांब नाही. गळती झाली तर वारा कुठे आहे ते बघून पळायचं, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलंय.

खतवाला:
भीती रास्त आहे, मी नाकारत नाही. पण अमोनिया सुटला की नाकाला लगेच कळतं. हायड्रोजनला वास नाही, हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो आणि उन्हात ज्वाला दिसत नाही. नासात पूर्वी गळती शोधायला माणसं झाडू पुढे धरून चालायची, झाडू पेटला की थांबायचं. दोन्ही धोके नीट मोजा आणि वस्तीपासूनचं अंतर कायद्यात लिहून घ्या, ही मागणी मी तुमच्याबरोबर करीन.

मीठखाण:
खतासाठी अमोनिया, इथे माझा विरोध नाही. पण अमोनिया फोडून परत हायड्रोजन काढायला पुन्हा उष्णता घालावी लागते, म्हणून ग्रिडसाठी मी पोकळीच म्हणणार. बिकानेरला सोलर पण आहे आणि खाली मीठ पण. एक चाचणी पोकळी तिथे व्हायलाच पाहिजे.

घाटमाथा:
आणि मीठ विरघळवायला लागणारं पाणी वाळवंटात आणणार कुठून? उपसलेलं खारं पाणी कोणाच्या शेतात सोडणार? ते आधी सांगा.