कोकणातल्या घरी वादळात दिवसेंदिवस लाईट नसते. इन्व्हर्टर, सोलर की जनरेटर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात, समुद्रापासून तीन-चार किलोमीटर आत आमचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, भोवती माड आणि आंबे. आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. बाबा ७४ वर्षांचे, रोज दोन वेळा इन्सुलिन घेतात.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडीतले खांब आडवे झाले. आमच्याकडे लाईट आली ती सव्वीस दिवसांनी. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा पाच दिवस नव्हती. आणि वादळच यायला हवं असंही नाही. पहिल्या पावसाच्या वाऱ्यात एखादी झावळी तारेवर पडली तरी दीड-दोन दिवस काळोख.

निसर्गच्या वेळी लॉकडाऊन होता, पास मिळेपर्यंत निघता आलं नाही आणि टॉवर बंद, त्यामुळे फोनही नाही. पोचलो तेव्हा आईचे तळहात पाहिले. पंप बंद म्हणून ती दोरीने विहिरीतून कळशी ओढत होती. पंप बसवल्यावर रहाट आम्हीच काढून टाकला होता. बोटांच्या मुळाशी फोड फुटून कातडं सोललेलं, त्यावर हळद लावलेली. इन्सुलिनची बाटली तिने झाकणाच्या डब्यात घालून माजघरातल्या मडक्यात ठेवली होती, मडक्याला ओलं फडकं गुंडाळून. दर दोन तासांनी ते फडकं भिजवायची. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून या मे महिन्याच्या आत काहीतरी पक्कं करायचं आहे.

दुकानदार म्हणतो १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्या, सगळं चालेल. एक एचपीचा पंपही चालेल का? सोलर लावलं तर भर पावसात चार्ज होईल का? आणि इन्सुलिनसाठी मडकं खरंच पुरेसं आहे का?

*

प्रतिसाद:

आम्ही श्रीवर्धनकडचे, निसर्ग आमच्याच डोक्यावरून गेलं. तुमच्या आईंचं वाचून गलबललं.

पंप त्या बॅटरीवर चालवू नका. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हातात येतात त्याहून कमीच. एक एचपीचा पंप चालताना हजार वॉटच्या आसपास घेतो आणि सुरू होताना त्याच्या काही पट. साधा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. बॅटरी दिवे, पंखे आणि मोबाईलसाठी राखा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. आधी पंखे बदला, तीच बॅटरी दुपटीने पुरते.

पाण्यासाठी आम्ही छोटा पेट्रोल जनरेटर ठेवलाय. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा) बसवून घ्याच, नाहीतर तुमचा करंट उलटा तारेत जाऊन खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाईल. आणि जनरेटर पडवीत नको, बाहेर, खिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. वादळाचा इशारा आला की आधी पाण्याची टाकी भरून घ्या.

सोलर जून-जुलैत फार देत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

इन्सुलिनचं म्हणाल तर वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली चारेक आठवडे चालते. नेमकं तिच्यासोबतच्या कागदावर बघा. न उघडलेल्या बाटल्यांना मात्र फ्रीजच हवा, त्या कुठे ठेवायच्या ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. आईंनी जे केलं ते अगदी बरोबर होतं. आणि रहाट परत बसवा.

*

धागाकर्ता:

मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली रहाट पहिला. जुनं चाक गोठ्याच्या माळ्यावर आहे, पुढच्या रविवारी जाऊन बसवतो. चेंजओव्हर स्विचचं कुणीच सांगितलं नव्हतं. एकच राहिलं: कौलांवर पॅनेलचा सांगाडा वाऱ्यात टिकतो का, की अंगणात खांब रोवून लावावा? कोकणात कुणी लावलं असेल तर कृपया सांगा.