जेलीफिशचा डंख: डहाणूला जाताना सोबत काय ठेवावं?

सातपूरकर: दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतली मंडळी त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीला निघालीत. मुलं पाण्यात उतरणारच. जेलीफिश डसली तर आग कशानं थांबते? कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी बर्फ, कोणी चक्क लघवी!

प्रथमोपचार_नाशिक: लघवी आणि वाळू चोळणं, दोन्ही विसरा. कातडीला चिकटलेल्या जेलीफिशच्या धाग्यांत विषाच्या न फुटलेल्या सूक्ष्म कुप्या असतात. चोळलं किंवा गोडं पाणी ओतलं की त्या फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं उचला; चिमटा नसेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. एटीएम कार्डानं खरवडू नका, दाबानंही कुप्या फुटतात. मग डसलेला भाग 45 अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात 20 मिनिटं बुडवा. दुखतच असेल तर 40 मिनिटांपर्यंत. आधी मोठ्या माणसानं स्वतःचा हात बुडवून बघायचं. कळ इतकी असते की पोराला भाजतंय हे कळतही नाही.

गंगापूररोड: थर्मामीटर कोण नेतंय! टपरीवरचं उकळतं पाणी एक भाग आणि साधं तीन भाग, की साधारण 45 होतं. सकाळी भरलेल्या थर्मासमधलं पाणी तोवर उतरलेलं असतं, त्यात साधं दुप्पटच घाला. निवत आलं की पाय बाहेर काढून मगच गरम ओता.

सातपूरकर: पण ताई, गोडं पाणी नको म्हणता आणि शेक गोड्याच पाण्यात?

प्रथमोपचार_नाशिक: रास्त शंका. म्हणूनच आधी खारं पाणी आणि धागे काढणं. त्यानंतर उष्णतेचा फायदा जास्त. गरम पाणी मिळालंच नाही तर बर्फ पिशवीत बांधून लावा, वितळलेलं पाणी अंगावर येऊ देऊ नका. व्हिनेगर चौकोनी आकाराच्या बॉक्स जेलीफिशसाठी; निळ्या फुग्याच्या ब्लू बॉटलला लावू नये, आग वाढू शकते. ती पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येते. वाळूत सुकलेली दिसली तरी मुलांना हात लावू देऊ नका, धागे तेव्हाही डसतात.

गंगापूररोड: कळ राहिली तर पॅरासिटामॉल, पोरांना वजनाप्रमाणे. नंतरच्या खाजेला हायड्रोकॉर्टिझोन 1 टक्का मलम. श्वास लागला, तोंड सुजलं, उलट्या झाल्या, छातीत दुखलं किंवा डोळ्याला डंख झाला तर शेकत बसू नका, 108 लावा.