तीन लाखांत रोज सिन्नरला जायला मजा येईल अशी सेकंड हँड गाडी: माझं मत मांडतोय, पटत नसेल तर सांगा

मोहदरी_रोज
मंडळी, मी गेली चार वर्षं नाशिकच्या इंदिरानगरहून सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीला जातोय, जाऊन येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतात. आधी कंपनीची बस होती, मग भावाची जुनी सेडान वापरली, मऊ, शांत, एसी जबरदस्त, पण कंपनीच्या गेटवर उतरलो की आपण गाडी चालवून आलो असं कधी वाटलंच नाही. गेल्या महिन्यात मित्र गावाला गेला आणि त्याची २०१२ ची फियाट पुंटो मल्टिजेट डिझेल पंधरा दिवस माझ्याकडे होती. खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांत मी सकाळी दहा मिनिटं लवकर निघायला लागलो. शिंदे टोलनाका सोडला की मोहदरी घाट येतो, छोटासाच आहे, पण त्या वळणांवर स्टेअरिंग हातात असं भरतं की रस्त्याचा खडबडीतपणा तळहाताला कळतो. पुढचं चाक कुठे आहे हे बघावं लागत नाही, समजतं.

तर माझं म्हणणं असं की रोजच्या गाडीची मजा पॉवरमध्ये नाही. द्वारका ते बिटको दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, पुढे हायवेला ट्रकच्या मागे साठ-सत्तर. १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो आणली तरी ती पॉवर वापरणार कुठे? मजा यायला हवी ती चाळीस ते साठच्या स्पीडला, आणि त्यासाठी गाडी आटोपशीर आणि हलकी हवी, मॅन्युअल हवी, गिअर नीट पडणारा हवा आणि स्टेअरिंग शक्यतो हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, हवं. नवी गाडी घेतली की इलेक्ट्रिक स्टेअरिंगच येतं, पार्किंगला हलकं आणि वळणावर मुकं. म्हणून मी म्हणतो जुनी घ्या, दहा-बारा वर्षांची चालेल. एकूण तीन लाख, त्यातले साठ हजार बाजूला काढून ठेवलेत टायर-सस्पेन्शनला. यादीत पुंटो ९० एचपी, फोर्डची पहिली फिगो, होंडा ब्रिओ आणि २०११ नंतरची स्विफ्ट पेट्रोल आहे. कोणाला वेगळं वाटतं?

सीएनजी_पंधरा
भो, मला पूर्ण वेगळं वाटतं. रोज पंचावन्न म्हणजे महिन्याला साधारण चौदाशे किलोमीटर. पेट्रोल गाडीने सोळाचं ॲव्हरेज दिलं तरी ८७-८८ लिटर लागणार, म्हणजे नऊ हजार गेले. तेच वॅगनआर सीएनजी किलोला पंचवीस देते, गॅस ९० ने धरला तरी पाच हजारांत महिना निघतो. वर्षाला जवळपास पन्नास हजार वाचतात. दोन लेकरं शाळेत आहेत, मला ते पन्नास हजार हातात असण्यात मजा वाटते. आणि सकाळी शिफ्टला पोचायचं असतं हो, घाटात वळणं मोजत बसायचं नसतं. वॅगनआरमध्ये उंच बसतो, पुढचं सगळं दिसतं, पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतो. डिकी जाते हे मान्य, घाटात एसी लावून जरा दम लागतो हेही मान्य. पण पुंटोचा हेडलाइट फुटला तर किती दिवस शोधणार? फियाटने २०१९ लाच इथे स्वतःच्या नावाच्या गाड्या विकणं बंद केलंय.

मोहदरी_रोज
@सीएनजी_पंधरा हिशोब बरोबर आहे दादा, त्यात मी खोट काढणार नाही. पण मी दिवसातला दीड तास त्या गाडीत काढतो, वर्षाचे चारशे तास होतात. तेवढा वेळ तर मी जागेपणी घरच्यांसोबत पण सलग काढत नाही. त्या चारशे तासांना काही किंमत लावायची की नाही? मी लावतो. आणि पुंटोचं इंजिन म्हणाल तर तेच १.३ मल्टिजेट स्विफ्टमध्ये, रिट्झमध्ये, व्हिस्टामध्ये होतं, इंजिनाचे पार्ट भरपूर आहेत. बॉडी पार्टचा त्रास आहे, ते खरंय.

डिझेल_टॉर्क
हायड्रॉलिकच्या नादात तू चांगली गाडी यादीबाहेर ठेवलीस असं माझं मत. २०१५ नंतरची फिगो १.५ डिझेल घे. १०० पीएस, म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर, आणि २१५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, एवढ्याशा हॅचबॅकला. मोहदरी चढताना ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या मागून तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबायचा, खाली गिअर टाकायची गरज नाही. तू म्हणतोस पॉवर वापरणार कुठे, अरे ओव्हरटेकला वापरणार! दोन ट्रकच्या मधे जी जागा मिळते ती चार सेकंदांत पार करायची की नऊ सेकंदांत, ह्यात मजाही आहे आणि जीवही आहे. स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, सस्पेन्शन जरा मऊ आहे, कबूल. २०१७ ची फिगो एस मिळाली तर सस्पेन्शन कडक आहे, ती सोडूच नको. आणि दहा वर्षांनी डिझेल बंद होते म्हणून जे घाबरवतात त्यांना सांग, तो नियम दिल्ली आणि आसपासचा आहे, आपल्या नाशिकच्या एमएच-१५ चा नाही.

गंगापूर_रोडची_ताई
मी रोज गंगापूर रोडवरून अंबडला जाते, सोळा वर्षं गाडी चालवतेय, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. इतक्या वेळात एकानेही एअरबॅग हा शब्द काढला नाही ह्याचं मला वाईट वाटलं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या गाड्या आपटून बघितल्या तेव्हा एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला शून्य स्टार होते, फिगोलाही शून्य. पोलो एअरबॅगशिवाय शून्य आणि दोन एअरबॅग लावल्यावर चार. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. म्हणजे तुम्ही जी दहा-बारा वर्षांची गाडी घ्या म्हणताय त्यातली अर्धी मॉडेलं एबीएसशिवायची आहेत. पावसात चेहेडीच्या पुढे हायवेला समोरून बाईकवाला राँग साइडने आला आणि तुम्ही कच्चकन ब्रेक दाबला, चाकं लॉक झाली, तर ते बोलणारं स्टेअरिंग काय कामाचं? लॉक झालेलं चाक वळवून वळत नाही.

दुसरं, क्लच. द्वारकेला संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटं हाफ क्लचवर उभं राहून बघा, चाळिशीनंतर गुडघा बोलतो. मी टियागो एएमटी, म्हणजे क्लच दाबावा न लागणारी ऑटोमॅटिक, घेतली, घरी शांत डोक्याने येते आणि तीच माझी मजा. थोडं बजेट वाढवा पण २०१८ नंतरची स्विफ्ट नाहीतर २०२० नंतरची टियागो घ्या. त्या स्विफ्टला बेस मॉडेललाही दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत आणि ती आधीच्या स्विफ्टपेक्षा हलकीसुद्धा आहे, पेट्रोल मॉडेल नऊशे किलोच्या आत. तुम्हालाच हलकी हवी होती ना?

मोहदरी_रोज
ताई, एअरबॅग-एबीएसचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं, आणि हे राहायला नको होतं. यादीत दुरुस्ती करतो: पुंटो असेल तर इमोशन, फिगो असेल तर टायटेनियम, आणि एबीएस आणि दोन एअरबॅग आहेत हे त्या गाडीत प्रत्यक्ष बघूनच. त्याच्या खालचं मॉडेल बघायलाही जाणार नाही. पण क्लचचं मला पटत नाही. एएमटी मी चालवलीय, गिअर बदलताना मधे गाडी एक श्वास सोडते आणि तेवढ्यात मान पुढे जाते. घाटात तो गिअर मला माझ्या हाताने टाकायचाय.

द्राक्षबाग_दिंडोरी
नमस्कार. आमच्याकडे दोन गाड्या आहेत, एक मोठी एसयूव्ही मालासाठी आणि लग्नकार्याला, आणि एक आल्टो के१०. मार्केटला, बँकेत, नाशकात दवाखान्यात जायचं म्हटलं की घरातला प्रत्येक माणूस आल्टोची किल्ली उचलतो, वडीलसुद्धा. साडेसातशे किलोची गाडी आणि १००० सीसीचं ६८ पीएस इंजिन, पाय ठेवला की पळते. तिचंही स्टेअरिंग इलेक्ट्रिकच आहे, कधी मुकं वाटलं नाही. म्हणून हायड्रॉलिकचा एवढा आग्रह मला कळत नाही, वजन कमी असलं की बाकीचं आपोआप जमतं. गिरणाऱ्याच्या रस्त्याने सकाळी धुक्यात खिडक्या खाली करून जा, मग सांगा तीन लाखांची काय गरज होती. ताईंचं सुरक्षेचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं, म्हणून आम्ही ती हायवेला लांब नेत नाही. तुमचा रोजचा रस्ता हायवेचा आहे तर आल्टो नको, ब्रिओ बघा. ८८ पीएस, तिचा गिअर लोण्यासारखा पडतो. डिकी नावालाच आहे, पण तुम्हाला डबा आणि बॅगच ठेवायचीय.

पाना_पक्कड
सातपूरला माझं छोटं गॅरेज आहे, तेवीस वर्षं हेच काम. तुम्ही सगळे मॉडेलवर भांडताय, मला वाटतं इथेच चूक होतेय. बारा वर्षांची गाडी झाली की कंपनी कोणती ह्याला निम्मीच किंमत उरते, आधीच्या मालकाने तिला कसं ठेवलं ह्याला बाकीची. माझ्याकडे दोन सारख्याच गाड्या येतात, एकच वर्ष, एकच रंग, एक चालवली की चालवतच राहावीशी वाटते आणि दुसरी चारही बाजूंनी खडखड वाजते.

मी स्वतः बघतो ते सांगतो. पहिलं टायर, साइडला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि टायर तिसरा जोड आहे, म्हणजे मीटर फिरवलंय. मग दाराची रबर बीडिंग बोटाने ओढून आतला पत्रा बघायचा, कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, ठोकून काढलेल्या गाडीत ते गायब असतात नाहीतर वेडेवाकडे. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, पुरात बुडालेली गाडी असेल तर वरचा भाग धुतलेला असतो पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. स्टेपनी उचलून खालचा गंज बघायचा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून वर हात धरायचा, भकाभक धूर मारला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, तिथूनच घरी यायचं. पेट्रोल गाडी असेल तर फ्युएल पाइप आणि रबर तपासा, २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत.

आणि मजेचं म्हणाल तर स्टेअरिंग हायड्रॉलिक का इलेक्ट्रिक ह्यावर भांडण्याआधी सस्पेन्शनचे झिजणारे पार्ट, म्हणजे लोअर आर्मचे बुश, शॉकअप, स्ट्रट माउंटिंग, आणि चार चांगले टायर नवीन टाका, अलाइनमेंट करा. पस्तीस-चाळीस हजारांत गाडी इतकी बदलते की मालक परत येऊन विचारतो, दुसरी गाडी दिली का. तुम्ही साठ हजार बाजूला ठेवलेत, ह्या धाग्यातली ती मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली.

सीएनजी_पंधरा
@पाना_पक्कड पटलं. तरी एक विचारतो, २०१२ ची घेतली तर २०२७ ला पंधरा वर्षं होतात, मग ती भंगारातच ना?

पाना_पक्कड
नाही हो, हा गैरसमज फार पसरलाय. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी रिन्यू होतं. एप्रिल २०२२ पासून कारची फी पाच हजार झालीय, वर ग्रीन टॅक्स. फिटनेस झाली की चालते. पण विकत घेताना हे सांगूनच भाव पाडायचा, घेणाऱ्याच्या फायद्याचं आहे. पैसे देण्याआधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून चलन, इन्शुरन्स आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर तो उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाही. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या त्याच दिवशी. बाहेरच्या पासिंगची असेल तर २८ म्हणजे एनओसी लागणार.

डिझेल_टॉर्क
मी दोन वर्षांपूर्वी ह्यातलं एकही केलं नव्हतं. एका डीलरकडून ऑटोमॅटिक हॅचबॅक घेतली, नाव लिहीत नाही, तिसऱ्या महिन्यात गिअरबॉक्सने विल्होळीजवळ मान टाकली. एस्टिमेट आलं ते गाडीच्या एक तृतीयांश किमतीचं. म्हणून मी मॅन्युअलवर आलो. ताई, तुमची चांगली चालतेय ह्याचा आनंद आहे, पण कमी बजेटमध्ये जुनी ऑटोमॅटिक घ्यायला मी कोणाला सांगणार नाही.

गंगापूर_रोडची_ताई
माझी घेतली तेव्हा वॉरंटीत होती, हा फरक खरा आहे. जुनी आणि ऑटोमॅटिक दोन्ही एकत्र नको, एवढं मी मान्य करते. एअरबॅगवर मात्र एक पाऊलही मागे येणार नाही.

मोहदरी_रोज
येऊही नका ताई. सगळ्यांचं वाचून काल दोन गाड्या बघून आलो. एक पुंटो इमोशन, स्टेअरिंग तसंच, काळजाला हात घालणारं, पण बीडिंग ओढली तर डाव्या बाजूचे ठिपके गायब. पंधरा मिनिटं तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि परत आलो. दुसरी २०१६ ची फिगो डिझेल टायटेनियम, फर्स्ट ओनर, एमएच-१५, मालक निवृत्त शिक्षक आहेत, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. स्टेअरिंग पुंटोचं नाही, हे मी अजूनही म्हणतो. पण जेल रोडवरून निघून शिंद्यापर्यंत नेली, तिसऱ्या गिअरला जो धक्का पाठीला बसला तो @डिझेल_टॉर्क ने सांगितला तसाच निघाला. सव्वातीन म्हणतात, अडीचला बसवायचा प्रयत्न आहे, म्हणजे पन्नास हजार हातात राहतील. @पाना_पक्कड काका, रविवारी सकाळी अर्धा तास येऊ शकाल का? तुमची जी काही फी असेल ती देतो.

पाना_पक्कड
फी नको, मिसळ खाऊ घाला. आठला येतो. फक्त त्या सरांना आज फोन करून सांगा की आम्ही पोचेपर्यंत गाडी अजिबात सुरू करू नका. डिझेलचं खरं काय ते पहिल्या थंड सेल्फला कळतं.