मारुती ८०० घाटात बंद पडते, २० मिनिटांनी आपोआप चालू होते. स्वतः रिपेअर शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

घाटरस्ता_सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, वय २०, बीकॉम दुसऱ्या वर्षाला. गाड्यांचं वेड लहानपणापासून आहे. आजोबांची प्रिया स्कूटर होती, आपल्या साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली, आठवीत असताना तिचा कार्बोरेटर खोलून साफ करून परत बसवला आणि पहिल्या किकला चालू झाली, तो आवाज अजून कानात आहे.

आता मामाची १९९७ ची मारुती ८०० माझ्याकडे आलीय. कार्बोरेटरवाली, चार गिअर. २०२२ ला मामानं पासिंग करून आणली आणि लगेच त्याची बदली झाली, तेव्हापासून कोरेगावच्या शेडमध्ये उभी होती. मामा म्हणाला भंगारवाला मागतोय, तुला पाहिजे तर ने. मी दोन मित्र घेऊन गेलो, टोचन करून आणली. बॅटरी नवी टाकली, ऑइल बदललं, आणि एका रविवारी संध्याकाळी ती चालू झाली. आई बाहेर आली बघायला, पण पप्पा काही बोलले नाहीत, फक्त बॉनेटजवळ उभे राहून ऐकत होते.

प्रॉब्लेम असा आहे की शहरात गाडी एकदम चांगली चालते. पोवई नाका, राजवाडा, गोडोली कितीही फिरवा. पण यवतेश्वर घाट चढायला लागलो की तिसऱ्या चौथ्या वळणावर गरम होते, मिसिंग येतं, झटके मारते आणि बंद. मग कितीही सेल मारा, नाही. १५-२० मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. टेम्परेचरचा काटा मात्र निम्म्याच्या वर जात नाही.

आत्तापर्यंत तिन्ही प्लग, प्लग वायरी, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलले, एका गॅरेजमध्ये कार्बोरेटरची किट टाकली. साडेचार हजार गेले, फरक शून्य. गॅरेजवाले आता म्हणतात इंजिन उतरवू. पैसे तर नाहीतच, पण खरं सांगायचं तर मला हे काम स्वतः यायला पाहिजे असं फार वाटतं. कुठून सुरुवात करू, हत्यारं कुठली घेऊ, आणि हा घाटाचा प्रॉब्लेम काय असेल?

स्पीड_विटा

कॉइल बदल भावा, १०० टक्के कॉइल आहे. गरम झाली की प्लगला करंट देणं बंद करते, थंड झाली की परत देते, माझ्या व्हॅनला सेम होतं. आणि जमलं तर सरळ मोठ्या सीसीचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवालं) इंजिन टाक, घाटात पिकअपचा विषयच संपला.

जुनामिस्त्री_सांगली

पोरा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ३४ वर्षं सांगलीत याच कामात घालवली, आता गुडघ्यामुळं गाडीखाली जात नाही, म्हणून निवांत लिहितो.

पहिली गोष्ट. तू लिहिलंस की गाडी "गरम होते", आणि त्याच परिच्छेदात लिहिलंस की काटा निम्म्याच्या वर जात नाही. म्हणजे ती गरम होताना तू बघितलेली नाहीस, थांबल्यावर परत चालू होते म्हणून तुला तसं वाटलं. गॅरेजमध्ये जाऊन तू "गरम होऊन बंद पडते" असंच सांगितलं असशील आणि समोरचा त्या वाटेनं गेला. जे दिसलं ते वेगळं लिही, जे वाटलं ते वेगळं लिही. माझ्या वस्तादानं मला पहिली दोन वर्षं हेच शिकवलं, हातात पाना नंतर दिला.

विट्याचे भाऊ म्हणतात ते कॉइलचं चुकीचं नाही, तसं होतं. पण बघितल्याशिवाय बदलू नको, पाच वस्तू तू तशाच बदलल्यास. इंजिन बदलायचं तर आत्ता नावच काढू नको. ७९६ सीसीचं हे तीन सिलिंडरचं इंजिन शिकायला याच्यासारखं दुसरं नाही, सगळं हाताला लागतं.

आता असं कर. एक मित्र बरोबर घे आणि मुद्दाम घाटात जा. गाडी बंद पडली की बाजूला सुरक्षित लाव, मागच्या चाकांना दगडाची उटी लाव, आणि बॉनेटला हात लावायच्या आधी मागं जाऊन पेट्रोल टाकीचं झाकण उघड. सुस्सकन हवा आत ओढली गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय, टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. नसेल तर झाकण घट्ट लावून पुढं ये. कार्बोरेटरला छोटी काच आहे, त्यात पेट्रोलची पातळी दिसते. काच मध्यापर्यंत भरलेली असेल तर पेट्रोल येतंय, मग करंटकडं जा. एक जादा प्लग खिशात ठेव, वायरीला लाव, प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवून मित्राला सेल मारायला सांग, ठिणगी निळी पडते का बघ. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको आणि वायर हातात धरायची नाही. ठिणगी नाही तर कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तिन्ही प्लगना करंट वाटून देणारा भाग. ठिणगी आहे आणि काच रिकामी आहे तर कॉइलचे पैसे वाचले. हे सगळं पाच मिनिटांत झालं पाहिजे, कारण गाडी २० मिनिटांनी बरी होते आणि बरी गाडी काहीच सांगत नाही.

एक विचारायचं राहिलं, जो पेट्रोल फिल्टर काढलास तो टाकून दिलास का? अजून तुझ्याकडं असेल तर पूर्ण वाळव आणि उलटा करून पांढऱ्या कागदावर आपट. काय पडतं ते सांग.

आणि गाडी बाटलीतून पेट्रोल देऊन चालवून बघ असं कुणी सांगितलं तर ऐकू नको. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडून पेटलेली गाडी मी डोळ्यांनी बघितलीय.

हत्यारांचं. जपानी गाडी आहे, १०, १२, १४ आणि १७ नंबरवर तुझं बहुतेक काम होतं. रिंग पाने आणि गोटी पान्यांचा एक बरा सेट घे, स्वस्तातला घेतलास तर नटाचे कोपरे जातात आणि मग छिन्नी हातोडा घ्यावा लागतो. प्लगचा पाना, पक्कड, टेस्ट लॅम्प. आणि पैसे कमी पडले तर बाकी सगळं राहू दे पण उचललेली गाडी टेकवायचे दोन स्टँड घेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. प्लग बसवताना पहिले आटे हातानं, हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकडा बसला की आटे गेले.

कृष्णाकाठ_ताई

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझा अनुभव लिहिते कारण माझी पहिली गाडी पण ८०० च होती आणि ती पाण्यातून काढलेली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. बाबांची ८०० चार दिवस पूर्ण पाण्याखाली. इन्शुरन्स थर्ड पार्टी, त्यामुळे एक रुपया मिळणार नव्हता. बघायला आलेल्या प्रत्येकानं सांगितलं, भंगारात द्या. बाबा रोज सकाळी जाऊन तिच्यावरचा गाळ थोडा थोडा पुसायचे, ते बघवत नव्हतं, म्हणून मी आणि भावानं ठरवलं की आपण उघडायची.

तेव्हा एका ओळखीच्या फिटरनी फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही तिन्ही प्लग काढले, पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं, प्लगच्या भोकातून चिखलाचं पाणी उडालं. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. दोनदा नवं ऑइल घालून थोडं फिरवून परत काढलं, गिअर बॉक्सचं पण बदललं, ते बरेच जण विसरतात. डिसेंबरमध्ये गाडी चालू झाली. पुढचं दीड वर्ष मात्र वायरिंगनं रडवलं, आज हेडलाइट तर उद्या वायपर. बॉडीला जिथे अर्थची वायर बसते तिथला गंज घासून काढला तेव्हा निम्मे प्रॉब्लेम संपले, तू पण बॅटरी आणि इंजिनच्या अर्थ वायरी एकदा काढून घासून घे, शेडमध्ये उभी होती म्हणजे तिथे हिरवट गंज असणारच.

तुला दोन गोष्टी सांगते. काहीही खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढ, चारी बाजूंनी. आणि नटबोल्ट अंड्याच्या ट्रेमध्ये ठेव, प्रत्येक खड्ड्यात एका जागचे, बाजूला पेननं लिहून. माझी एक वही आहे, तारीख, किलोमीटर, काय उघडलं, काय दिसलं, सगळं त्यात आहे. गॅरेजमध्ये गेलं की लोक माझ्याशी न बोलता भावाशी बोलायचे, मी वही काढून विचारायला लागले तेव्हापासून माझ्याशी बोलतात.

रबरी पेट्रोल पाइप बदलले नसशील तर बदल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, ते फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं. दुकानात इथेनॉलला चालणारा पाइप मागून घे.

कराडकर_५०

कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०२२ ला पासिंग झालंय म्हणजे २०२७ पर्यंत आहे, १५ वर्षांनंतर पाच पाच वर्षांचंच मिळतं. पण मामाच्या नावावरून तुझ्या नावावर करून घे, इन्शुरन्स पण तुझ्या नावानं, उद्या कुठं घासली तर मामाला त्रास नको. २० वर्षांपुढच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये वाढवलीय, त्यामुळं २०२७ साठी आत्तापासून बाजूला काढत जा. दुसरं इंजिन परवानगीशिवाय टाकलंस तर पासिंगला अडकणार.

टायर बघितलेस का? बाजूला DOT या अक्षरांच्या पुढं शेवटी चार आकडे असतात, २३१६ असेल तर २०१६ चा २३ वा आठवडा. टायरवरच्या गोट्या (नक्षी) दिसत असल्या तरी जुनं रबर कडक होतं, त्यावर घाट उतरू नको.

घाटरस्ता_सातारा

काका, ताई, सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल सकाळी ६ वाजता मित्राला उठवून घाटात गेलो. चौथ्या वळणाच्या पुढं बंद पडली, आणि पहिल्यांदाच बंद पडल्याचं बरं वाटलं.

दिसलं ते असं. टाकीचं झाकण उघडलं, हवेचा आवाज नाही. कार्बोरेटरची काच पूर्ण रिकामी. प्लगला ठिणगी निळी, कडक. २० मिनिटांनी सेल मारत राहिलो तर काच हळूहळू भरली आणि गाडी चालू झाली.

घरी येऊन जुना फिल्टर शोधला, डब्यात पडलेला होता. वाळवून कागदावर आपटला तर विटकरी रंगाची पूड, चमचाभर सहज. मग नवा फिल्टर काढून बघितला, तो पण आतून तपकिरी झालाय, बदलून दोन महिनेच झालेत. टाकी गंजलीय ना काका? पण मग शहरात कशी चालते?

जुनामिस्त्री_सांगली

शाबास. बरोबर धरलंस.

शहरात पेट्रोल थोडं लागतं, तेवढं गंजातून झिरपतं. घाटात सेकंड गिअरमध्ये तू पाय दाबून ठेवतोस, पंप जोरात ओढतो आणि टाकीतला सगळा गंज सक्शनच्या, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या जाळीला जाऊन चिकटतो. गाडी बंद पडली की ओढ थांबते, गंज जाळीवरनं सुटून तळाला बसतो, वाट मोकळी. थंड होण्याचा यात काही संबंधच नाही. तीन वर्षं टाकी अर्धी रिकामी उभी राहिली, वरच्या मोकळ्या भागात दमट हवा, पत्रा गंजणारच. तुझ्या कार्बोरेटरच्या किटमध्ये पण हाच गंज जाऊन बसला असेल, टाकी झाली की फ्लोटचा कप, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तो भाग, परत साफ कर.

टाकी उतरव. २८ लिटरची आहे, आधी जवळजवळ रिकामी होऊ दे म्हणजे हलकी पडते. उघड्यावर काम कर, बॅटरीची वायर काढून, जवळ कुणी विडी ओढत नको. रेडिएटरवाले टाकी धुऊन देतात, किंवा आत बारीक खडी आणि पाणी घालून तूच घुसळ, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत. मग पूर्ण वाळव. भोक सापडलं तर तशा टाकीला वेल्डिंग कुणाकडूनही करून घ्यायचं नाही, रिकाम्या टाकीतली वाफ बॉम्बसारखी उडते. भोक असेल तर दुसरी टाकी बघ.

आणि यवतेश्वर चढायची तुला घाई आहे हे कळतं, पण उतरताना काय? तीन वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक उघडलेस का, एका शब्दानं लिहिलं नाहीस.

घाटरस्ता_सातारा

नाही उघडले काका. पेडल लागतंय म्हणून लक्ष दिलं नाही. टाकी मित्राच्या मदतीनं शुक्रवारी उतरवली, नऊ वेळा धुतली, भोक नाही. नवे पाइप पण टाकले. आज मागचा ड्रम काढायला बसलो, टोपी काढली, स्प्लिट पिन आणि नट काढला, पण ड्रम हलत नाही. हातोड्यानं मारू का?

जुनामिस्त्री_सांगली

मारू नको, बिडाचा आहे, तडकेल. हँडब्रेक पूर्ण सोड आणि केबल ढिली कर. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं आहेत बघ, त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट घाल आणि आलटून पालटून थोडे थोडे पिळ, ड्रम स्वतः बाहेर येतो. आतली धूळ तोंडानं फुंकू नको, ओल्या फडक्यानं पूस. व्हील सिलिंडरची (पेडल दाबलं की ब्रेक शू ढकलतो तो) रबरी टोपी उचलून बघ, आत ओलं असेल तर ब्रेक ऑइल गळतंय, दोन्ही बाजूंचे बदल. ब्रेक ऑइल तर नवंच भर, ते हवेतलं पाणी पितं आणि उतारावर ब्रेक तापले की त्याच पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. बसवताना स्प्लिट पिन नवी घे, जुनी सरळ करून घालायची नाही. आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणं आधी फोटो काढ, त्या स्प्रिंगा परत बसवताना लागतील.

घाटरस्ता_सातारा

निघाला काका! डावीकडचा सिलिंडर ओला आहे. फोटो काढलेत, उद्या सकाळी दुकान उघडलं की दोन्ही आणतो. पप्पा टॉर्च धरून बसलेत शेजारी.