मदत हवी आहे: आजीच्या भावाच्या मृत्यूची तारीख कुठं मिळेल? (तातडीचं)

वर्धमाननगर२४: आजीचा मोठा भाऊ लढाईत गेला. तारीख कुठं मिळेल? पितृपक्ष पंधरा दिवसांवर आला. आजी ९२ वर्षांची. यंदा दादाचं श्राद्ध त्याच्याच तिथीला घाला म्हणते. आजवर सर्वपित्रीलाच पान वाढलं. एका कार्यालयात दोन चकरा मारल्या, 'यादीत नाव नाही' म्हणाले.

पांदणवाट: कोणती लढाई भाऊ? ६२, ६५, ७१? गाव, पलटण काहीच नाही लिहिलं.

संत्रीवाला: दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर सगळ्यांची नावं आहेत, तिथे बघा.

वर्धमाननगर२४: बघितलं, नाही. इंग्रजांच्या वेळची लढाई, बर्मा. गाव काटोल तालुक्यात.

माजी_हवालदार: दिल्लीत स्वातंत्र्यानंतरचे जवान आहेत, तिथे सापडणारच नाही. नागपूरचा पोरगा आणि बर्मा, म्हणजे महार रेजिमेंट. दुसरी बटालियन १९४२ साली कामठीतच उभी झाली. सागरच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका.

पांदणवाट: पलटण आधीच काऊन ठरवता? तो काम काय करायचा ते विचारा.

वर्धमाननगर२४: मोटर चालवायचा. आजीजवळ त्याचं एकच कार्ड आहे, पेन्सिलीचं. त्यात बैलाला खरूज झाली का, एवढंच विचारलंय. कुठून लिहिलं ते नाही. दर महिन्याची मनिऑर्डर एकदा चुकली, मग तार आली. ती काटोलला नेऊन मास्तरांकडून वाचून घेतली. तार आता नाही. पदक आहे, सहा टोकांचं.

पांदणवाट: मोटर म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोर, फौजेची मालवाहतूक तेच बघायचे. बर्मा स्टार असेल ते. मागची बाजू चिंचेनं घासून बघा, त्याचा फौजी नंबर कोरलेला असू शकतो.

माजी_हवालदार: ड्रायव्हर इन्फन्ट्रीतही असतात. वीस वर्षं नोकरी केली आहे मी.

सुलभा_काकू: शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. पंचांगात दिलेलं असतं. तारीख नसली तरी चालतं.

वर्धमाननगर२४: काकू, आजीला ते सांगून झालं. 'माझ्या दादाचा दिवस मला पाहिजे', एवढंच म्हणते.

भरतीइच्छुक_रामटेक: कामठीला गार्ड्सच्या सेंटरला पुढची भरती कधी आहे?

पांदणवाट: त्याचा वेगळा धागा काढा ना राजेहो. वर्धमाननगर, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, पैसे लागत नाहीत. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या, १९४७ अखेरपर्यंतच्या नोंदी आहेत. ज्यांची कबर नाही त्यांची नावं रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर आहेत, जवळजवळ २७,००० नावं. नावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनानं कसंही लिहिलेलं असतं, म्हणून नंबरानं शोधा. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं.

वर्धमाननगर२४: सापडला! मागे नंबर होता. सर्व्हिस कोरच. आडनाव ओळखू येत नाही, पण पणजोबांचं नाव बरोबर आहे, गावही आहे. आजीला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, मग 'वय किती लिहिलंय?' विचारलं. वीस.

इंग्रजी तारीख मिळाली. आता त्या दिवशीची तिथी कशी काढायची? जुनं पंचांग कोणाकडे आहे का?